उत्तराचा रकाना

देवाला सगळं माहीत असतं, तर मग त्याला लिहून काय द्यायचं? हा प्रश्न मला लग्नानंतर नवऱ्याने विचारला, सासूबाईंनी विचारला, आणि पुढे माझ्या मुलीनेही विचारला. प्रश्न रास्त आहे. तो आमच्या शास्त्रातही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो की, तुम्ही मागण्याआधीच तुमच्या पित्याला तुमची गरज ठाऊक असते. आणि लगेच पुढे त्यांना प्रार्थना शिकवतो. म्हणजे ठाऊक असलं तरी मागायचं. पण लिहून मागा, असं तिथे कुठे म्हटलेलं नाही. तरीही आमच्या घरात तीन पिढ्या प्रार्थनेची वही आहे.

ज्यांना ही वही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ही जपाची वही नाही आणि रोजनिशीही नाही. सकाळी शास्त्रपाठ वाचून झाला की तारीख घालायची, वाचलेल्यातलं काही मनात राहिलं असेल तर ते एका ओळीत उतरवायचं आणि मग प्रार्थना लिहायची. रविवारच्या शाळेत आम्हाला तिचे चार भाग शिकवले होते : स्तुती, पापांगीकार, उपकारस्तुती आणि विनंती. क्रम महत्त्वाचा, कारण माणूस सोडून दिला तर थेट चौथ्या भागावर जातो. बऱ्याच वह्यांमध्ये विनंतीच्या समोर एक रकाना आखलेला असतो. त्याचं शीर्षक : उत्तर.

आम्ही मूळचे नगरचे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झालं आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथूनच निघालं. या मिशनची परंपरा छापील प्रार्थनांची नव्हती. प्रार्थना आपल्या शब्दांत करायची आणि बायबल आपल्या डोळ्यांनी वाचायचं, यावर तिचा भर. त्यामुळे माझ्या आजीसारख्या खेड्यातल्या बाईच्या हातात अक्षरं आली. आजी चौथी शिकलेली. तिने आयुष्यात पत्रं सोडली तर फक्त प्रार्थना लिहिल्या. त्या पिढीत बाईने स्वतःचं म्हणून काही लिहावं, आणि घरातल्या कोणी ‘काय लिहितेस?’ असं विचारू नये, अशी दुसरी जागा नव्हती. देवाच्या नावावर तिला रोज पंधरा मिनिटं आणि पाव पान मिळायचं. आजीच्या वह्या उरल्या नाहीत. आईच्या उरल्या : १९६८ ते २०१६, एकूण सत्तावीस.

आई एका मिशन रुग्णालयात परिचारिका होती. वह्यांसाठी तिने कधी पैसे घातले नाहीत. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांना ज्या डायऱ्या वाटायचे, त्यातल्या उरलेल्या, बहुतेक मागच्या सालच्या, ती घरी आणायची. छापील तारीख खोडून आपली तारीख घालायची. लिहिण्याची पद्धत वॉर्डातली : तारीख, वेळ, आणि मोजक्या शब्दांत परिस्थिती. ‘प. ५.१० रात्रपाळी संपली. पाय सुजले. खाट ७ चं बाळ वाचव. धाकट्याचा खोकला. घरमालकाशी बोलायला धीर दे.’ उत्तराच्या रकान्यात तीनच शब्द येऊ शकत होते : हो, नाही, थांब. हे तिचं स्वतःचं नव्हतं. देव प्रत्येक प्रार्थनेचं उत्तर देतो, फक्त ते दर वेळी ‘हो’ नसतं, हे आमच्याकडे लहानपणापासून शिकवतात.

रकान्यांची ही पद्धत घरोघरी पोचण्यामागे जॉर्ज म्युलर या माणसाचा मोठा वाटा असावा, असं मला वाटतं. म्युलर जन्माने प्रशियाचा. त्याने इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १८३६ साली अनाथ मुलांसाठी घर उघडलं. पुढे त्याच्या संस्थेत दहा हजारांहून जास्त मुलं वाढली. कोणापुढेही हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं, हा त्याचा नेम. काय मागितलं, कधी मागितलं, कधी मिळालं, याच्या नोंदी तो ठेवायचा आणि त्या छापायचा. आपल्याकडे पंडिता रमाबाईंवर म्युलरच्या उदाहरणाचा प्रभाव होता. केडगावचं मुक्ती मिशन चालवताना त्यांनीही असाच देवावर भार टाकला. आईच्या खोलीत रमाबाईंचं चित्र होतं आणि म्युलरच्या गोष्टी तिला पाठ होत्या. नाश्त्याला घरात काही नाही, मुलं टेबलाशी बसली आहेत आणि तेवढ्यात दार वाजतं, अशा त्या गोष्टी.

मला लहानपणी या गोष्टींची भीती वाटायची. दार वाजलं नाही तर काय?

१९८१ साली आमच्या घरी दार वाजलं नाही. वडिलांच्या मूत्रपिंडांचा आजार बळावला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. त्या वहीत एकोणनव्वद दिवस एकच विनंती आहे : ‘ह्यांना बरं कर.’ काही दिवस तिच्यासमोर ‘थांब’ लिहिलंय. नव्वदाव्या दिवशी विनंती नाही. रकान्यात फक्त ‘नाही’ आहे, नेहमीच्याच अक्षरात. खाली काही नाही. पुढचे अकरा दिवस वही कोरी आहे. बाराव्या दिवशी तारीख, वेळ, आणि पहिली विनंती : ‘दोघांची फी.’

ही पानं मी आई गेल्यावर, २०१७ साली पाहिली. मी त्यात विलाप शोधत होते. बायबलमधल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं विलापाची आहेत; देवाला जाब विचारणारी आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात आशेची एकही ओळ येत नाही. आईला हे माहीत होतं. तिने तसं लिहिलं असतं तर शास्त्राने तिला अडवलं नसतं. पण तिने मृत्यूची नोंद परिचारिकेसारखी केली आणि बाराव्या दिवशी पुन्हा कामावर गेली. मला तेव्हा तो कोरडेपणा वाटला. आता वाटतं, तो रकाना रिकामा ठेवणं तिला सहज शक्य होतं. साक्ष देताना लोक मिळालेल्याच गोष्टी सांगतात, न मिळालेल्या विसरतात. आठवण आपल्या सोयीने मागण्या बदलून टाकते. आपल्याला तेवढंच हवं होतं, असं आपण नंतर म्हणू शकतो. वहीला ते जमत नाही. मागितलं ते मागितलं, आणि मिळालं नाही ते मिळालं नाही. तिने ‘नाही’ लिहिलं म्हणूनच तिच्या ‘हो’वर माझा विश्वास बसतो.

यानंतरची जी वही सांगायची आहे ती माझ्या लग्नाची.

मी १९९३ साली लग्न केलं. मुलगा हिंदू, बँकेत नोकरीला. त्याने बाप्तिस्मा घ्यायचा नाही आणि मी माझा विश्वास सोडायचा नाही, असं ठरवून आम्ही विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची ठरवली. आईने ऐकून घेतलं. करिंथकरांच्या पत्रातला ‘विजोड’ हा शब्द एकदाच उच्चारला आणि विषय संपवला. मंडळीत कुजबुज झाली तेव्हा ती म्हणाली, ‘मुलगी सज्ञान आहे.’ नोंदणीच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, त्यातली एक सही तिची आहे. आई समजूतदार निघाली, असं मी पुढे चोवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले.

या कायद्यात नोटीस लागल्यापासून आक्षेप घ्यायला तीस दिवस असतात. आईने तीसही दिवस आक्षेप नोंदवला होता, फक्त दुसऱ्या कचेरीत. ‘हे लग्न होऊ देऊ नकोस.’ रोज तेच वाक्य. एका दिवशी ‘त्याची बदली होऊ दे, लांब.’ एका दिवशी ‘त्याच्या घरचे मोडू देत, म्हणजे तिला माझा राग येणार नाही.’ नोंदणीच्या सकाळी, सही करायला निघण्याआधी, ‘अजून वेळ आहे.’ आणि त्याच संध्याकाळी, रकान्यात : ‘नाही.’

दुसऱ्या दिवशी नवी विनंती सुरू होते : ‘तिला परत आण.’

ही विनंती पाच वर्षं चालते. मी पुण्यात होते, दर रविवारी उपासनेला जात होते, महिन्यातून एकदा नगरला येत होते, नवऱ्यासकट. तो तिच्या हातचं जेवत होता, तिचा वीजबिलाचा घोळ निस्तरत होता. ती त्याला आग्रहाने वाढत होती. आणि पहाटे उठून लिहीत होती, तिला परत आण. १९९६ साली मुलगी झाली तेव्हाची नोंद अशी आहे : ‘बाळ सुखरूप. उपकार. तिला परत आण. बाळालाही.’

हे वाचताना मला राग आला, तो खोटेपणाचा आला. दोन तोंडांनी वागणारी आई मला ठाऊक नव्हती. मग मी त्या पाच वर्षांची पानं पुन्हा सुरुवातीपासून वाचली, आणि या वेळी विनंतीकडे न बघता फक्त नवऱ्याच्या उल्लेखाकडे बघितलं. पहिल्या वर्षी तो ‘तो मुलगा’ आहे. मग ‘बँकेतला’. वीजबिलानंतर ‘हिचा नवरा’. पुढे त्याचं पाळण्यातलं नाव येतं, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट. त्याच्या वडिलांना झटका आला तेव्हा त्यांच्यासाठी सलग सतरा दिवसांची विनंती आहे आणि पुढे ‘हो’ आहे. त्याच पानांवर, खाली, ‘तिला परत आण’ही आहे. दोन्ही एकाच अक्षरात.

१२ मार्च १९९८ ला त्या वाक्यासमोर रकान्यात चौथाच शब्द येतो. सत्तावीस वह्यांत तो फक्त एकदा आहे : ‘मागे घेते.’

त्या दिवशी काय घडलं, हे मी खूप शोधलं. वहीत त्या दिवशी गॅस सिलिंडर आला, कोणा पेशंटचे टाके काढले, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं राहिलं, एवढंच आहे. आम्ही कोणी नगरला गेलो नव्हतो. वाढदिवस नव्हता. काही घडलं म्हणून तिने विनंती मागे घेतली नाही. पाच वर्षं एक वाक्य रोज स्वतःच्या हाताने लिहिल्यावर एका सकाळी ते तिच्याच्याने लिहवेना, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव पहिल्यांदा शुद्ध लिहिलेलं आहे, आणि पुढे ‘माझा जावई’ असं आहे.

आई लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दरवर्षी नाताळच्या सुटीत वाचायची. नवरा ख्रिस्ती झाल्यावर लक्ष्मीबाईंनी काढलेली वियोगाची वर्षं आणि पुढे, १९०० साली, त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा हे त्यातलं तिचं आवडतं प्रकरण. मी तिला एकदा विचारलं होतं की, लक्ष्मीबाईंचं मन नेमकं कधी बदललं? ती म्हणाली, ‘कळत असतं तर त्यांनी तारीख दिली असती.’ आईच्या बाबतीत माझ्याकडे तारीख आहे, तरी मला कळलेलं नाही.

माझ्या सासूबाई गोंदवल्याच्या परंपरेतल्या. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ लिहिलेल्या त्यांच्या वह्यांनी एक ट्रंक भरली होती. एकदा दोघी विहिणी पुण्याला आमच्याकडे होत्या आणि पहाटे पाचला स्वयंपाकघराच्या टेबलावर समोरासमोर लिहीत बसल्या होत्या. मी पाणी प्यायला उठले तेव्हा सासूबाई म्हणत होत्या, ‘तुमच्यात रोज नवं लिहायचं म्हणजे डोक्याला ताप हो. आम्ही मागत नाही, नुसतं नाव लिहितो.’ आई म्हणाली, ‘नाव घेतलं की मागणं आलंच की, ताई. मी फक्त ते उघड करते.’ सासूबाई हसल्या. मग म्हणाल्या, ‘आणि उघड केल्यावर लाज नाही वाटत?’ आई म्हणाली, ‘वाटते ना. म्हणून तर लिहायचं.’

नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. लिहिणं देवाला कळवण्यासाठी नाही. मनातल्या प्रार्थनेत माणूस आपली इच्छा धूसर ठेवू शकतो; सगळ्यांचं भलं कर, तुझ्या मर्जीप्रमाणे होवो, म्हणून मोकळा होतो. कागदावर तसं चालत नाही. ‘त्याच्या घरचे मोडू देत’ हे वाक्य पूर्ण करून टिंब द्यावं लागतं, आणि उद्या पान उघडलं की ते तिथेच असतं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्किया राजाची गोष्ट आहे. अश्शूरचा राजा धमकीचं पत्र पाठवतो. हिज्किया ते घेऊन मंदिरात जातो आणि देवापुढे पसरून ठेवतो. देवाला वाचता येत नव्हतं म्हणून नव्हे. पसरून ठेवलेलं पत्र आधी हिज्कियालाच पूर्ण दिसलं असणार.

या वहीचे धोकेही मी पाहिले आहेत. रकाना आखला की हिशेब आला, आणि हिशेब आला की देवाला देणेकरी समजायला वेळ लागत नाही. ‘हो’ची संख्या सांगून मोठेपणा मिरवणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. ‘प्रार्थनेची विनंती’ या नावाखाली शेजारणीच्या घरातलं भांडण महिला मंडळात पोचतं, तेही सगळ्यांनी डोळे मिटलेले असताना. म्युलरच्याही गोष्टी सांगताना लोक दार वाजल्याच्याच सांगतात. त्यानेच सांगितलेली दुसरी गोष्ट मला जवळची वाटते. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्याने पाच जणांच्या परिवर्तनासाठी रोज प्रार्थना करायला सुरुवात केली. छत्तीस वर्षांनंतरही त्यातले दोघे तसेच होते, आणि तो प्रार्थना करतच होता.

मग प्रश्न उरतो तो वाचण्याचा. दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगितलेली असताना दुसऱ्याची वही मी का उघडावी? ऑगस्टीनने चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहायला घेतलं ते सगळं देवाला उद्देशून, पण ते लोकांनी वाचावं म्हणूनही. डॉ. सॅम्युअल जॉन्सनने मरणाआधी काही दिवस आपले पुष्कळ कागद जाळले, पण प्रार्थनांचे कागद एका धर्मगुरू मित्राच्या हाती दिले. ते १७८५ साली छापून आले. फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन लेखिकेने विशीत असताना, १९४६-४७ साली, वहीत देवाला पत्रं लिहावीत तशा प्रार्थना लिहिल्या. चांगलं लिहिता येऊ दे, हे तिचं मोठं मागणं. ती १९६४ साली गेली आणि वही २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

आईने काहीच सांगून ठेवलं नव्हतं. वह्या तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, सालवार लावलेल्या होत्या. मी माझ्यापुरती एक रेघ आखली. पेशंट, शेजारी, मंडळीतली माणसं यांच्याविषयीची पानं मी वाचत नाही. डोळा पडला तरी बोलत नाही. वडिलांची आणि माझी पानं मी माझी समजते. आणि नवऱ्याची पानं त्याची, म्हणून ती त्याला दिली.

त्याने ती बँकेतल्या माणसासारखी वाचली, तारखांवर बोट ठेवून. तीस दिवसांच्या पानांवर थांबला. मला वाटलं दुखावला. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘माझ्या आईनेसुद्धा माझ्यासाठी इतक्या पहाटे उठून काही केलं नसेल.’ मग शेवटच्या वहीपर्यंत गेला. आईची त्याच्यासाठी आणखी एक विनंती होती, १९९८ नंतरची, जी तिने कधीच मागे घेतली नाही : ‘ह्याला तुझी ओळख होऊ दे.’ तिच्यासमोरचा रकाना अठरा वर्षं कोरा आहे. तो म्हणाला, ‘हा अर्ज प्रलंबित दिसतोय.’ मी काही बोलले नाही. त्याने वही मिटून दोन्ही हातांनी मला परत दिली.

माझी स्वतःची वही मी १९९९ पासून लिहिते. उत्तराचा रकाना मी आखत नाही. डावं पान कोरं सोडते आणि वर्षभराने, त्याच तारखेला, उजवं पान वाचून डावीकडे जे सुचेल ते लिहिते. कधी ‘मिळालं’, कधी ‘बरं झालं मिळालं नाही’, पुष्कळदा ‘हे मला खरंच हवं होतं?’ दुसऱ्यांची नावं मी आद्याक्षराने लिहिते. दहा मिनिटांपेक्षा जास्त लिहीत नाही, कारण त्यापुढे प्रार्थना संपून निबंध सुरू होतो, हे मला माझ्याबद्दल कळलंय.

माझी मुलगी आता देव मानत नाही. तिने हे भांडून सांगितलं नाही, चहा पिताना सांगितलं. मी ऐकून घेतलं. तीही मला समजूतदार म्हणते. गेली चार वर्षं माझ्या वहीत एक वाक्य रोज आहे, आणि ते आईच्या वाक्याच्या फार जवळचं आहे. कोरी डावी पानं तीनदा येऊन गेली. मी त्यांवर काही लिहिलेलं नाही. हे वाक्य पुढे बदलेल, की मला मागे घ्यावं लागेल, की अठरा वर्षं प्रलंबित राहील, मला माहीत नाही. मी ते अजून पूर्ण लिहिते, टिंबासकट, आणि लिहून झाल्यावर एकदा वाचते.